एका नात्याची उणीव दुसऱ्याने भरत नाही

नवरा गेलेल्या बाईला आप्तेष्ट सांगतात, ‘चारचौघांत मिसळत जा, म्हणजे बरं वाटेल.’ लग्न होऊन दूरच्या शहरात गेलेली मुलगी फोनवर उदास बोलली, तर तिला ऐकवलं जातं, ‘एवढा समजूतदार नवरा मिळालाय, आणखी काय हवं?’ दोन्ही वाक्यं मायेपोटीच निघतात आणि दोन्हींच्या मुळाशी गृहीतक एकच असतं. माणसाला सोबत लागते; ती कोणाकडून आणि कशा प्रकारची मिळते, हा प्रश्न दुय्यम. एकीकडे कमी पडली तर दुसरीकडून भरून काढता येते. हे इतकं उघड वाटतं की तपासून पाहावं असं सहसा कोणाच्या मनातही येत नाही. रॉबर्ट वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने ते तपासलं आणि ते टिकलं नाही. त्यातून १९७३-७४च्या सुमारास त्यांनी जी मांडणी केली, तिचा गाभा थोडक्यात असा: माणसाच्या नात्यांविषयीच्या गरजा अनेक आहेत, वेगवेगळ्या प्रकारची नाती वेगवेगळ्या गरजा भागवतात, आणि एका प्रकारच्या नात्याची उणीव दुसऱ्या प्रकारचं नातं कितीही भरभक्कम असलं तरी भरून काढत नाही. ही मांडणी बऱ्याच अंशी बरोबर आहे, आणि एकाकीपणावर आपण जे उपाय सुचवतो त्यांतले कित्येक ती लक्षात न घेतल्यामुळेच फसतात, असं मला वाटतं.

वाइस यांनी सुरुवात केली ती उलट्या टोकाकडून. प्रत्येक माणसाला ठरावीक प्रमाणात माणसांचा सहवास लागतो आणि तो मोजक्या गाढ नात्यांतून मिळाला काय किंवा अनेक वरवरच्या ओळखींतून मिळाला काय, एकूण बेरीज जमली की झालं, अशी कल्पना त्यांनी कसोटीला लावली. कसोटीसाठी त्यांनी असे लोक शोधले, ज्यांच्याकडे एक प्रकारचं नातं नव्हतं, पण दुसऱ्या प्रकारची भरपूर होती. ‘पॅरेंट्स विदाउट पार्टनर्स’ ही संस्था १९५७ साली न्यू यॉर्कमध्ये सुरू झाली होती. घटस्फोट, विभक्त होणं किंवा जोडीदाराचा मृत्यू यांमुळे मुलांना एकट्याने वाढवणारे आई-बाप तिचे सभासद होते. वाइस यांनी बोस्टन परिसरातल्या अशा सभासदांचा अभ्यास केला. तिथे त्यांना मित्र मिळाले होते, मुलांच्या प्रश्नांवर सल्ला मिळत होता, संस्थेच्या कामातून मानही मिळत होता. कल्पना खरी असती, तर त्यांचा एकाकीपणा ओसरायला हवा होता. आयुष्य पुष्कळ सुसह्य झाल्याचं ते सांगत, पण एकाकीपणा मात्र जागचा हलला नव्हता. मग वाइस यांनी याच्या अगदी विरुद्ध परिस्थितीतली माणसं पाहिली: दूरच्या राज्यांतून बोस्टनजवळ नव्याने राहायला आलेली जोडपी. इथे संसार सुखाचे होते. नवऱ्यांना कामावर सहकारी लाभले होते, पण घर सांभाळणाऱ्या बायकांना नव्या वस्तीत कोणी ओळखत नव्हतं. नवरा प्रेमळ असूनही त्या खंतावत होत्या. दिवसभराच्या बारीकसारीक गोष्टींत ज्यांना रस वाटावा, अशी आपल्यासारखी माणसं त्यांना हवी होती, आणि ते काम नवऱ्याच्या आवाक्यातलं नव्हतं. मित्रांनी जोडीदाराची जागा भरली नाही, आणि जोडीदाराने मित्रांची भरली नाही.

या दोन निरीक्षणांवरून वाइस यांनी १९७३ सालच्या आपल्या पुस्तकात एकाकीपणाचे दोन प्रकार वेगळे काढले. जिव्हाळ्याच्या एका माणसाचा अभाव असला की येतो तो भावनिक एकाकीपणा. आपल्यासारख्या माणसांच्या वर्तुळाचा अभाव असला की येतो तो सामाजिक एकाकीपणा. दोन्हींची लक्षणंही निराळी आहेत. पहिल्यात अस्वस्थता असते, जीव थाऱ्यावर राहत नाही, आतून रितेपण येतं आणि टाकून दिलेल्या लहान मुलासारखी भीती वाटते. आईपासून ताटातूट झालेल्या मुलांविषयी ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जे लिहिलं होतं, त्याचा वाइस यांच्या विचारावर मोठा प्रभाव होता, आणि प्रौढांच्या या अवस्थेत त्यांना त्याच ताटातुटीची खूण दिसली. दुसऱ्या प्रकारात भीतीपेक्षा कंटाळा जास्त असतो. दिवस निरर्थक वाटतो, जगाचा कारभार आपल्याला वगळून चालला आहे असं वाटत राहतं. भाकरी कितीही खाल्ली तरी तहान भागत नाही, त्यातलाच हा प्रकार: दोन्ही गरजा खऱ्या, पण एकीचा पुरवठा दुसरीच्या कामाचा नाही.

पुढच्याच वर्षी वाइस यांनी ही दोनाची विभागणी वाढवून नात्यांतून मिळणाऱ्या सहा गोष्टींची यादी केली. पहिली म्हणजे जिव्हाळ्याचं बंधन, ज्यात माणसाला सुरक्षित वाटतं. हे बहुधा जोडीदाराकडून मिळतं, क्वचित अगदी जिवलग मैत्रीतून. दुसरी, समान आवडीनिवडी आणि समान चिंता असणाऱ्यांची संगत. ती मित्रमंडळींत मिळते. तिसरी, कोणाची तरी काळजी वाहण्याची संधी. मूल वाढवताना ती सर्वांत ठळकपणे लाभते. चौथी, आपण कशाला तरी लायक आहोत याची पावती. ती बरेचदा कामाच्या ठिकाणी मिळते, घर सांभाळणाऱ्याला घरच्यांकडून. पाचवी, काही झालं तरी हे आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाहीत, हा भरवसा; तो मुख्यतः रक्ताच्या नात्यांतून येतो, आणि विशेष म्हणजे तिथे प्रेम किंवा मनं जुळणं असलंच पाहिजे असं नाही. वर्षानुवर्षं भावाशी धड बोलणं नसतं, पण दवाखान्यात नेण्याची वेळ आली की त्यालाच फोन जातो. सहावी गोष्ट म्हणजे जाणत्या, विश्वासू माणसाचा सल्ला. अडचणीच्या काळात एखादा शिक्षक, वडीलधारा किंवा डॉक्टर तो देतो. एकेका नात्यातून यांतल्या दोनतीन गोष्टी मिळू शकतात, हे वाइस यांना मान्य होतं. त्यांचा आग्रह इतकाच होता की प्रत्येक नातं कशात तरी विशेष असतं, आणि सहाही गोष्टी एकाच नात्यातून पुरेशा मिळणं दुर्मीळ.

या यादीतल्या प्रेमाला आणि मैत्रीला कोणी हरकत घेणार नाही. पण तिची खरी ताकद दिसते ती सहसा नजरेआड होणाऱ्या गोष्टींत. लायकीची पावती घ्या. ऑस्ट्रियातल्या मारिएनटाल या गावातली कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सारं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी त्या गावाचा केलेला अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या पुरुषांचं घर, बायकामुलं, शेजारी, सगळं जागच्या जागी होतं आणि वेळ तर हवा तितका होता. सहवासाची बेरीज हीच महत्त्वाची असती, तर त्यांची नाती बहरायला हवी होती. घडलं उलटं. ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत निम्म्याच्या आसपास आली, संस्था-मंडळांतला सहभाग कमी झाला, रस्त्यावरून चालतानाचा पुरुषांचा वेगही मंदावला. पगार थांबल्याने गरिबी आली हे खरंच. पण चार लोकांत आपली किंमत ठरवणारं नातंही पगारासोबतच गेलं होतं, आणि घरात चोवीस तास मिळणाऱ्या सहवासाने ते परत आलं नाही. काळजी वाहण्याच्या गरजेबाबतही असंच आहे. म्हाताऱ्या माणसांना आधार द्यावा असं आपण मानतो. त्यांनी आधार देण्याची गरज सहसा आपल्या हिशेबात नसते. स्टेफनी ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ४२३ वृद्ध जोडप्यांचा पाच वर्षं मागोवा घेतला आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. मित्र, नातेवाईक, शेजारी यांच्या उपयोगी पडणाऱ्या किंवा जोडीदाराला मानसिक आधार देणाऱ्या वृद्धांत मृत्यूचं प्रमाण कमी होतं. दिलेल्या आधाराचा हिशेब केल्यावर, मिळालेल्या आधाराचा आयुष्याशी तसा संबंध दिसला नाही. ‘तुम्ही आता काही करू नका, नुसते बसा’ असं म्हणून आपण वडीलधाऱ्यांकडून काय काढून घेतो, याची कल्पना यावरून यावी.

पण वाइस यांचा मूळ दावा, म्हणजे एका नात्याची जागा दुसरं घेत नाही, हा थेट तपासला गेला आहे का? जर्मनीत मार्गारेट आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी सहकाऱ्यांसह तो तपासला. नुकताच जोडीदार गमावलेल्या ६० स्त्री-पुरुषांची त्यांनी ६० विवाहितांशी तुलना केली. निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. नातलग आणि मित्रांचा आधार ज्यांना जास्त होता, त्यांचा सामाजिक एकाकीपणा कमी होता. भावनिक एकाकीपणा मात्र त्या आधाराने कमी झाला नाही, आणि वैधव्याचा घाव मुख्यतः त्याच वाटेने मनाला लागत होता. आधाराचा फायदा विधवा-विधुरांना झाला तसाच विवाहितांनाही झाला; म्हणजे आधार चांगलाच होता, पण तो गेलेल्या माणसाची भरपाई करत नव्हता. बोस्टनमध्ये मुलाखतींतून निघालेला निष्कर्ष अशा रीतीने वीसेक वर्षांनी मोजमापातही टिकला.

आरोग्याच्या संशोधनातून आणखी एक पुरावा मिळतो, आणि तो वाइस यांची बाजू मांडण्यासाठी गोळा केलेला नव्हता म्हणून अधिक मोलाचा आहे. शेल्डन कोहेन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू असलेले थेंब घातले आणि कोणाला सर्दी होते ते पाहिलं. आधी प्रत्येकाच्या नात्यांचे प्रकार मोजले होते: जोडीदार, आईवडील, सासूसासरे, मुलं, मित्र, शेजारी, सहकारी, एखाद्या मंडळातले लोक असे एकूण बारा. सहा किंवा अधिक प्रकारची नाती असलेल्यांच्या तुलनेत तीन किंवा कमी प्रकार असलेल्यांना सर्दी होण्याचा धोका चौपटीहून जास्त होता. फरक पडत होता तो प्रकारांच्या विविधतेने. ओळखीतल्या माणसांची नुसती संख्या त्याचा उलगडा करत नव्हती. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हाही तेच चित्र उमटलं. माणूस एकटा राहतो की कोणाबरोबर, एवढ्या एका गोष्टीचा जगण्या-मरण्याशी सर्वांत क्षीण संबंध होता. अनेक अंगांनी माणूस समाजात किती गुंफलेला आहे, या मोजमापाचा संबंध सर्वांत दाट होता. अर्थात आजारी माणसाची नाती आक्रसतात, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता, अशी शंका इथे रास्त आहे. पण कोहेन यांचे स्वयंसेवक सुरुवातीला निरोगी होते आणि विषाणू सर्वांना मुद्दाम दिला होता. निदान त्या प्रयोगात ही शंका बरीच दुबळी होते.

या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप रॉय बाउमायस्टर आणि मार्क लिअरी यांच्या १९९५च्या लेखातून पुढे येतो. आपलं कोणीतरी असावं ही माणसाची मूलभूत गरज आहे, आणि गरज म्हटली की ती एका ठिकाणी भागल्यावर दुसरीकडची ओढ कमी झाली पाहिजे, तुटलेल्या नात्याची जागा नव्याने घेता आली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. त्याला आधारही आहे: माणसं पुन्हा लग्न करतात, प्रेमात पडली की मित्रांना कमी भेटतात, घरापासून तोडली गेलेली माणसं तिथल्या तिथे नवं गोत उभं करतात. पण ही उदाहरणं नीट पाहिली, तर बदली बहुतेक वेळा सजातीय आहे. जोडीदाराच्या जागी जोडीदार येतो, मित्रांच्या जागी मित्र. वाइस यांनी ते कधीच नाकारलं नव्हतं. एकाकीपणा संपायचा तर नेमक्या त्याच प्रकारचं नातं मिळावं लागतं, हेच तर त्यांचं म्हणणं. दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे. कॅरोलिन कट्रोना आणि डॅनिएल रसेल यांनी वाइस यांच्या सहा गोष्टी मोजणारी २४ विधानांची प्रश्नावली १९८७ मध्ये तयार केली. तीत सहा घटक वेगळे दिसले खरे, पण ते एकमेकांशी चांगलेच जोडलेलेही निघाले. ज्याला एक गोष्ट मिळते त्याला बाकीच्याही बहुधा मिळतात. मग सहा गरजा कशाला, एकच ‘आधार’ का म्हणू नये? कारण सोबत आढळणं म्हणजे एकमेकांच्या बदली चालणं नव्हे. ज्या घरी दूध असतं त्या घरी बहुधा भाजीही असते, एवढ्यावरून दुधाने भाजीची गरज भागते असं ठरत नाही. बदली चालते की नाही हे कळतं ते एकच गोष्ट हरवलेल्या माणसांकडे पाहून, आणि वाइस व श्ट्रोबे यांनी नेमकं तेच केलं. सहाच का, पाच किंवा आठ का नाहीत, हा प्रश्न मात्र खुला आहे. विल्यम शुट्झ यांनी १९५८ मध्ये तीनच गरजा सांगितल्या होत्या: सामावून घेतलं जाणं, नियंत्रण आणि जिव्हाळा. याद्या बदलोत, गरजा एकाहून अधिक आहेत, एवढ्यावर माझा युक्तिवाद उभा आहे.

तिसरा आक्षेप वाचणाऱ्याला आतून टोचणारा आहे. माणसांकडून काय काय मिळतं याची यादी करणं म्हणजे नात्याला दुकान समजणं नव्हे का? तसं असतं तर या सहा गोष्टी विकत घेता आल्या असत्या. सल्ला काही प्रमाणात घेता येतो, पण न सोडून जाण्याचा भरवसा पैसे मोजून मिळत नाही, आणि काळजी वाहण्याची संधी तर मुळात घेण्याची नव्हे, देण्याची गोष्ट आहे. या गोष्टी नात्याच्या पोटी येतात. नातं त्यांच्यासाठी मांडलेला व्यवहार नसतो. चौथा आक्षेप आपल्याकडून येईल: ही अमेरिकेतल्या सुट्या-सुट्या माणसांची व्यथा आहे, भरल्या घरात राहणाऱ्यांना ती कशी लागू होणार? युरोपातल्या वृद्धांच्या पाहण्या याचं उत्तर देतात. उत्तरेकडच्या देशांत एकटे राहणारे वृद्ध कितीतरी जास्त, तरी एकाकी वाटणाऱ्यांचं प्रमाण दक्षिणेकडच्या कुटुंबवत्सल देशांतच जास्त आढळतं. त्यामागे प्रकृती, गरिबी, घरच्यांकडून असलेल्या मोठ्या अपेक्षा अशी अनेक कारणं असतील. पण घरात माणसं असली म्हणजे एकाकीपणा नसतो, हे समीकरण तिथे कोलमडतं. संस्कृतीनुसार कोणती गरज कोणी भागवायची याची वाटणी बदलते. गरजा मिटत नाहीत. महाराष्ट्रातल्या एकत्र कुटुंबांतल्या बायकांनाही भजनी मंडळ, भिशी, हळदीकुंकू लागतच होतं. माणसांनी गजबजलेल्या घरात भरवसा होता, काळजी वाहणं तर नको इतकं होतं, पण आपल्यासारख्यांची संगत आणि आपल्या गुणांची पावती बहुधा उंबऱ्याबाहेरच मिळायची.

हे मान्य केलं, तर एकाकीपणाचे उपाय योजताना पहिला प्रश्न बदलतो. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या विषयासाठी मंत्री नेमले. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ, सहली, कट्टे आहेत. सामाजिक एकाकीपणावर ते गुणकारी आहेत. पण जॉन कॅसिओपो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एकाकीपणावरच्या उपायांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसत्या भेटीगाठी वाढवण्याचा फायदा तोकडाच आढळला. लोक आपल्याला टाळतील ही मनात बसलेली धास्ती दूर करणारे उपाय जास्त परिणामकारक ठरले. कॅसिओपो याचं कारण विचारांच्या सवयीत शोधतात. मला त्यात वाइस यांची भर घालावीशी वाटते: ज्याला जिव्हाळ्याचं एक माणूस हवं आहे त्याला आपण पन्नास माणसांचा मेळावा देतो, आणि ज्याला दिवसभरात कोणाच्या तरी उपयोगी पडायचं आहे त्याला विरंगुळा देतो. तेव्हा ‘तुमच्याजवळ कोणी आहे ना?’ या प्रश्नाऐवजी ‘नेमकं काय नाही?’ असं विचारायला हवं. परदेशातल्या मुलांनी पुण्या-नाशिकच्या आईवडिलांसाठी चोवीस तासांची मदतनीस ठेवली, तर अडीअडचणीची सोय होते. त्यांचा सल्ला कोणी विचारावा, ही गरज तशीच उरते, आणि ती भागवायला मात्र फोनही पुरतो.

लग्नाच्या बाबतीत या सिद्धांताचा धडा अधिकच थेट आहे. एली फिंकेल यांनी २०१४ पासून मांडलेला मुद्दा असा की, आजच्या अमेरिकी विवाहात जोडीदाराकडूनच मैत्री, प्रोत्साहन, आत्मविकास हे सगळं मागितलं जातं, आणि त्यासाठी लागणारा वेळ दिला जात नाही. त्यात नातं गुदमरतं. शहरी मराठी जोडपीही आता याच वाटेवर आहेत. वाइस यांच्या नजरेने पाहिलं, तर आपल्या कामातलं मर्म बायकोला कळत नाही किंवा आपल्या गाण्याच्या वेडात नवऱ्याला रस नाही, ही संसारातली खोट ठरत नाही. त्या गरजेचं घर दुसरीकडे आहे, एवढाच त्याचा अर्थ. तसंच विधवा मैत्रिणीशी तासन्‌तास बोलूनही तिची रात्र सोपी झाली नाही, म्हणून आपली मैत्री अपुरी पडली असं समजायचं कारण नाही. मैत्रीने मैत्रीचं काम केलेलं असतं. हा सिद्धांत आपल्याकडून जास्त नाती मागतो, हे खरं. पण त्या बदल्यात प्रत्येक नात्यावरची एक अशक्य जबाबदारी उतरवतो, आणि आहे ते नातं जे खरोखर देऊ शकतं त्याची किंमत करायला मोकळीक देतो.